एकाच शहरातले तीन कोरिया: आन्सानमधल्या एका मेळाव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलच्या नैऋत्येला, मेट्रोच्या चार नंबरच्या लाइनीवर, आन्सान हे कारखान्यांचं शहर आहे. बानवोल आणि शिह्वा या औद्योगिक वसाहतींच्या जोरावर ते वाढलं. कामासाठी बाहेरून आलेली माणसं इथे इतकी, की वोनगोक-दोंग या भागाला २००९ साली बहुसांस्कृतिक विशेष क्षेत्राचा दर्जा मिळाला. या प्रकरणातली माणसंही बाहेरून आलेलीच, पण ती सगळी कोरियन वंशाची आहेत. आडनावं किम, पाक, ली, चोई अशीच. तरी शेजारपाजारचे त्यांना आपल्यातलं धरत नाहीत.

प्रकरण २०१८-१९ मधलं आहे. माणसांची नावं आणि त्यांना मदत करणाऱ्या केंद्राचं नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिला गट उझबेकिस्तान-कझाकस्तानातून आलेल्या कोर्यो-सराम लोकांचा. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुतेक कोरियाच्या अगदी ईशान्येकडच्या हामग्योंग प्रांतातून, नदी ओलांडून रशियात गेले. १९३७ साली स्टालिन आणि मोलोतोव यांच्या सहीच्या हुकुमानं सुमारे १,७२,००० माणसांना व्लादिवोस्तोकच्या परिसरातून मालगाड्यांत भरून मध्य आशियात नेऊन सोडलं. त्यांची आजची पिढी घरात रशियन बोलते. आन्सानमध्ये ती सनबु-दोंगमधल्या तेत्गोल वस्तीत एकवटली आहे.

दुसरा गट चीनमधल्या कोरियनांचा, म्हणजे जोसोनजोकांचा. चीनच्या जिलिन प्रांतात १९५२ पासून यानब्यान हा कोरियन स्वायत्त विभाग आहे. तिथे कोरियन शाळा, वर्तमानपत्रं, विद्यापीठ सगळं होतं. त्यामुळे यांची कोरियन भाषा अस्खलित आहे, फक्त ढब उत्तरेची.

तिसरा गट सर्वांत लहान आणि सर्वांत म्हातारा: जपानच्या उत्तरेकडच्या, आता रशियाच्या साखालिन बेटावरून परतलेले आजी-आजोबा. जपाननं खाणीत राबवायला नेलेली ही माणसं आणि त्यांची मुलं. हे लोक बहुतांशी दक्षिणेतल्या ग्योंगसांग आणि जोल्ला प्रांतांतले. १९४५ नंतर जपानी मायदेशी गेले, कोरियन बेटावरच अडकले. २००० साली आन्सानमध्ये त्यांच्यासाठी 'गोह्यांग माउल' ही वसाहत उभी राहिली. जागा कोरियाची, बांधकामाचा पैसा जपानचा. पण तिथे येण्याचा हक्क १५ ऑगस्ट १९४५ पर्यंत जन्मलेल्यांनाच होता. त्यांची मुलं-नातवंडं साखालिनवरच राहिली.

या तिन्ही गटांना संध्याकाळचे भाषावर्ग, दवाखान्याचे कागद, मुलांचा अभ्यास अशी मदत करणारं एक छोटं केंद्र या प्रकरणाच्या मध्यभागी आहे. समन्वयक बाई सोलच्या. त्यांच्याबरोबर दोन पगारी माणसं, आणि लॉस एंजेलिसहून आलेल्या एका तरुणासह काही स्वयंसेवक.

प्रसंग

२०१८ साली केंद्राला 'परदेशस्थ बांधवांचा संयुक्त सण' या नावाखाली अनुदान मिळालं. छुसोक त्या वर्षी २४ सप्टेंबरला होता. पितरांना नवं धान्य दाखवायचं, कबरींवरचं गवत कापायचं, घरी सगळ्यांनी जमायचं, असा हा कोरियातला मोठा सण. सर्वांना एकत्र आणायला याहून चांगला मुहूर्त कोणता, असं वाटणं साहजिक होतं. दारावर 'आपण एक आहोत' असा फलक, सोंगप्यन हे सणाचे तांदळाचे उंडे करण्याचं प्रात्यक्षिक, हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून फोटो, शेवटी सगळ्यांनी मिळून 'आरिरांग' हे लोकगीत, असा बेत ठरला.

गर्दी भरपूर झाली. अनुदान देणाऱ्यांना फोटो आवडले. आतून मात्र तीन ठिकाणी ठिणगी पडली.

जेवणाच्या दोन रांगा लावल्या होत्या, एक कोरियन पदार्थांची आणि एक परदेशी पदार्थांची. तेत्गोलच्या बायकांनी गाजराचं मोठं पातेलं आणलं होतं. गाजर बारीक किसून, त्यावर धणे, लसूण, व्हिनेगर आणि कडकडीत तेल घालून केलेला हा पदार्थ सगळ्या माजी सोव्हिएत मुलखात 'कोरियन गाजर' म्हणूनच विकला जातो. मध्य आशियात किमची या आंबवलेल्या तिखट भाजीला लागणारी कोबी मिळेना, तेव्हा या लोकांनी गाजरावर भागवलं, असं सांगतात. दक्षिण कोरियात तो फारसा कुणाला माहीत नाही. एका स्वयंसेविकेनं पातेलं सरळ परदेशी रांगेत नेऊन ठेवलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. बायकांनी काही न बोलता थोड्या वेळानं पातेलं उचललं आणि घरी नेलं.

दुसरी ठिणगी सूत्रसंचालकाची. त्यानं यानब्यानच्या एका फोरमनला मंचावर बोलावलं, त्याच्या कोरियन भाषेचं कौतुक केलं आणि त्याच दमात कोर्यो-सराम मुलांना विचारलं, की तुम्ही आपली भाषा का विसरलात. त्यापाठोपाठ त्यानं फोरमनला प्रत्येक जोसोनजोक माणसाला कधी ना कधी ऐकावा लागणारा प्रश्न टाकला: चीन विरुद्ध कोरिया फुटबॉल सामन्यात तुम्ही कुणाच्या बाजूनं? फोरमन हसला, उतरला आणि त्यानंतर केंद्रात आला नाही.

तिसरी सर्वांत अनपेक्षित. साखालिनच्या एका आजोबांनी ध्वनिक्षेपक मागून घेतला आणि ग्योंगसांगच्या ढबीत जुना हिशेब काढला. युद्धानंतर सोव्हिएत सरकारनं मध्य आशियातले कोरियन साखालिनवर दुभाषे, शिक्षक आणि पक्षाचे अधिकारी म्हणून पाठवले होते. बेटावरचे लोक त्यांना 'मोठ्या भूमीवरचे' म्हणत, आणि त्या म्हणण्यात प्रेम नव्हतं. आजोबा म्हणाले, की तेव्हा हे आम्हाला कोरियन शिकवायला आले होते, आता यांना शिकवायची वेळ आली. निम्मे लोक हसले, निम्म्यांना कळलंच नाही. कळलेल्यांपैकी तेत्गोलची मंडळी उठली.

अडचण नेमकी कुठे होती

केंद्रातल्या पहिल्या बैठकीत हे सगळं 'भाषांतर कमी पडलं' या सदरात टाकलं गेलं. ते अपुरं होतं.

मुहूर्तच पाहा. मध्य आशियातल्या कोर्यो-सराम कुटुंबांत पितरांचा मुख्य दिवस छुसोक नाही, ५ एप्रिलचा हानसिक आहे. त्या सकाळी सगळं घर जेवण आणि व्होडका घेऊन कबरस्तानात जातं. ताश्कंदमध्ये असणारा मुलगा वर्षात एकदाच गावी येत असेल, तर तो या दिवशी. यानब्यानच्या घरांतही चिंगमिंग म्हणून तोच दिवस पाळतात, आणि चीनमध्ये २००८ पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते. दक्षिण कोरियात हानसिक कधीकाळी चार मोठ्या सणांपैकी एक होता. ५ एप्रिलच्या वृक्षारोपण दिनाच्या सुट्टीला धरून लोक कबरींवर जात. २००६ पासून ती सुट्टीही गेली, आणि आता सोलमधल्या तरुणाला हानसिक कधी येतो हे विचारलं तर तो फोन काढेल. म्हणजे केंद्रानं 'सर्वांचा' म्हणून निवडलेला सण यजमानांचा आणि साखालिनकरांचा होता. उरलेल्या दोन मोठ्या गटांना जोडणारा दिवस दिनदर्शिकेवर होता, पण केंद्रात तो कुणाच्या मनातही आला नाही.

दुसरं, हे लोक ज्या कोरियातून निघाले तो एकच कोरिया नव्हता. कोण कुठल्या प्रांतातून, कुठल्या दशकात, कुणाच्या हुकुमानं निघाला यावर त्याची बोली, चव आणि पितरांची रीत ठरते. जपानमधल्या ओसाकातल्या कोरियनांत कोरियाच्या जेजू बेटाचे इतके लोक आहेत, की तिथल्या जुन्या घरांचं वळण सोलपेक्षा जेजूशी अधिक जुळतं. तंजावरचे, मॉरिशसचे आणि कॅलिफोर्नियाचे मराठी एका मांडवात बसवून पुरणपोळीवर भागवायला निघालेल्या आयोजकांना ही गोष्ट लवकर समजेल.

तिसरं म्हणजे कायदा. आपण एक आहोत असं फलक म्हणत होता, पण सरकारचे कागद तसं म्हणत नव्हते. १९९९ चा परदेशस्थ कोरियनांचा कायदा १९४८ मध्ये प्रजासत्ताक स्थापन होण्याआधी देश सोडलेल्यांना वगळत होता. म्हणजे अमेरिकेतले बहुतेक आत, चीन आणि सोव्हिएत मुलखातले बहुतेक बाहेर. घटना न्यायालयानं २००१ मध्ये हे घटनेशी विसंगत ठरवलं, २००४ मध्ये दुरुस्ती झाली, २००७ मध्ये चीन आणि माजी सोव्हिएत देशांतल्यांसाठी वेगळा कामाचा व्हिसा आला. तरीही व्याख्या तिसऱ्या पिढीपाशी थांबत होती. कोर्यो-सराम तर चौथ्या-पाचव्या पिढीत पोचले होते. आई-बापाबरोबर आन्सानमध्ये वाढलेला मुलगा १९ वर्षांचा झाला की कायद्याच्या नजरेत परका. २०१७ मध्ये अशा मुलांना तात्पुरती सवलत मिळाली होती, ती संपायची तारीखही ठरलेली होती. सूत्रसंचालकानं 'भाषा का विसरलात' हे ज्या मुलांना विचारलं, त्यांतल्या काहींना आपण दोन वर्षांनी या देशात असू की नाही हेच माहीत नव्हतं.

माझ्या मते फलकाचा राग या तिसऱ्या कारणानं अधिक आला. गाजराचं पातेलं हे फक्त निमित्त.

समोरचे पर्याय

डिसेंबरात केंद्रापुढे अनुदानाचा दुसरा हप्ता होता आणि तो वापरायला एक कार्यक्रम करणं भाग होतं.

पैसे परत करावेत, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. प्रामाणिक पर्याय, पण केंद्राच्या भाड्याचा काही भाग त्याच पैशातून निघत होता. दुसरा पर्याय, तोच कार्यक्रम रशियन आणि चिनी भाषांतरासह पुन्हा करायचा. अनुदान देणाऱ्यांना हाच पसंत होता, कारण अहवालाचा नमुना तयार होता. तिसरा, तिन्ही गटांचे तीन वेगळे कार्यक्रम. यात भांडण टळलं असतं, पण कारखान्यात, शाळेत आणि दवाखान्यात हे लोक रोज एकमेकांना भेटतच होते. लॉस एंजेलिसच्या तरुणानं सुचवलं, की प्रत्येकानं मंचावर येऊन आपली कहाणी सांगावी. त्याच्याकडे हे चालतं. साखालिनच्या आजोबांनंतर ध्वनिक्षेपक कुणाच्या हाती देण्याचं धाडस केंद्रात उरलं नव्हतं, आणि तेत्गोलच्या एका शिक्षिकेनं स्पष्टच सांगितलं, की अनोळखी लोकांसमोर आजीचं दुःख मांडून दाखवायला आम्ही आलो नाही.

समन्वयक बाईंनी एकही पर्याय लगेच उचलला नाही. हा माझ्या दृष्टीनं पहिला खरा निर्णय. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांनी केंद्रात एकही बैठक न घेता लोकांच्या जागी जाऊन गप्पा मारल्या: तेत्गोलमधल्या बेकरीत, वोनगोकच्या खानावळीत, गोह्यांग माउलच्या पत्ते खेळायच्या खोलीत. विचारायचं साधं होतं. कबरीवर कधी जाता, त्या दिवशी काय शिजतं, आणि कुणाबरोबर जेवायला बसणार नाही.

शेवटच्या प्रश्नाला सर्वांत मोकळी उत्तरं मिळाली.

काय केलं

मुहूर्त ठरला ५ एप्रिल २०१९. कोरियन पंचांगाप्रमाणे हानसिक त्या वर्षी सहाला, शनिवारी येत होता, आणि कामगारांना शनिवार सोयीचा होता. पण ताश्कंदचे लोक पाचच धरतात, चिंगमिंगही पाचलाच. सोय की दिवस, यावर वाद झाला. शिक्षिकेचं म्हणणं टिकलं: सहाला केलं तर तो यजमानांचा कार्यक्रम होईल. मग शुक्रवारी संध्याकाळी सातला, पाळी सुटल्यावर, असं ठरलं. ताश्कंदमध्ये तेव्हा दुपारचे तीन. तिकडचे नातेवाईक सकाळीच कबरस्तानातून परतलेले असणार आणि त्यांनी पाठवलेले व्हिडिओ इकडे फोनवर आलेले असणार.

फलक नाही, मंच नाही, गाणं नाही. जेवणाची रांग एकच, आणि प्रत्येक पातेल्यावर करणाऱ्याच्या गावाचं नाव.

भिंतीवर अखंड कोरियाचा मोठा नकाशा लावला. आजी-आजोबा जिथून निघाले तिथे टाचणी लावायची आणि नंतर त्या प्रांताच्या टेबलावर बसायचं. म्हणजे चीन, उझबेकिस्तान, रशिया अशी विभागणी मोडून प्रांतांची मांडायची. कल्पना धाडसी होती आणि अर्धीच जमली.

सर्वांत अवघड निर्णय साखालिनकरांचा होता. छुसोक त्यांचा, हानसिक नाही. त्यांना बोलवायचं तरी कशासाठी? पण रशियन आणि दक्षिणेची कोरियन या दोन्ही भाषा सराईतपणे येणारा आन्सानमधला गट तोच. तेत्गोलच्या बाईला दवाखान्यात दुभाषा लागे, तेव्हा केंद्र पैसे देऊन विद्यार्थी शोधत असे, आणि थोड्याच अंतरावर रिकामा वेळ असलेले दुभाषे बसलेले होते. त्यांना विनंती करणं म्हणजे जुन्या जखमेवर बोट ठेवणं. १९४६ नंतर 'मोठ्या भूमीवरचे' बेटावर दुभाषे म्हणून आले होते, आता उलट घडवायचं होतं. समन्वयक बाईंनी कार्यक्रमाची आमंत्रणं न देता आधी हीच विनंती केली, एकेकाला वेगळं गाठून. ध्वनिक्षेपकवाल्या आजोबांनी नकार दिला. आपण लहान असताना ताश्कंदहून आलेल्या एका शिक्षकानं आपल्या बोलीवरून वर्गात हसं केलं होतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. बेटावरची ती कोरियन शाळा १९६० च्या दशकात सोव्हिएत सरकारनं बंद केली, पण त्यांचा अपमान काही संपला नव्हता. दोन आजी मात्र तयार झाल्या. एकीची अट होती, की मला 'स्वयंसेविका' म्हणायचं नाही आणि रिक्षाभाड्याएवढे तरी पैसे द्यायचे. आन्सानमध्ये रिक्षा नाहीत, हा शब्द माझा. तिनं टॅक्सी म्हटलं होतं.

५ एप्रिलची संध्याकाळ

सप्टेंबरच्या निम्मेही लोक आले नाहीत. आले ते मात्र उशिरापर्यंत थांबले.

हामग्योंगच्या टेबलावर तेत्गोलची एक ऐंशीच्या घरातली आजी आणि यानब्यानचे दोन कामगार शेजारी बसले. ही आजी केंद्राच्या वहीत 'कोरियन येत नाही' अशी नोंदलेली होती, कारण सोलच्या स्वयंसेवकांना तिचं एक वाक्य कळत नसे. ती बोलत होती ती कोर्यो-मार, म्हणजे हामग्योंगची दीडशे वर्षांपूर्वीची बोली, वर रशियन शब्दांची पेरणी. यानब्यानच्या कामगारांना ती कळली. सगळी नाही, पण शेती, स्वयंपाक, नातीगोती यांचं बोलणं सहज कळलं. त्यांच्या घरची म्हातारी माणसंही अशीच बोलत. वहीतली नोंद दुसऱ्या दिवशी बदलली.

हेइलोंगजियांगहून आलेल्या एका जोसोनजोक बाईची टाचणी ग्योंगसांगवर लागली. चीनच्या त्या प्रांतात १९३० च्या दशकात दक्षिणेतून गेलेली गावंच्या गावं आहेत. त्यामुळे ती यानब्यानच्या लोकांना सोडून साखालिनच्या आजींच्या टेबलावर गेली. यानब्यानवाल्यांना ते फारसं रुचलं नाही.

नकाशानं घोटाळाही केला. कोर्यो-सराम कुटुंबांना बाकी काही आठवत नसलं तरी कुळाचं मूळगाव पक्कं आठवतं: किमहेचे किम, मिर्यांगचे पाक, जन्जूचे ली. ही गावं दक्षिणेत आहेत आणि घराणं तिथून शतकांपूर्वी निघालेलं. रशियात गेलेले पणजोबा हामग्योंगचेच असले, तरी त्यांच्या पणतवंडांनी टाचण्या दक्षिणेत लावल्या आणि ती ग्योंगसांगच्या टेबलावर जाऊन अवघडून बसली. काही तरुणांनी टाचणी उश्तोबेला लावायची परवानगी मागितली. १९३७ च्या गाड्यांतली माणसं कझाकस्तानातल्या त्याच गावाजवळ आधी उतरवली होती. पण उश्तोबे नकाशावर नव्हतं. त्यांनी ती नकाशाच्या डावीकडे भिंतीतच खोचली.

फोनवरचे व्हिडिओ आपोआप फिरू लागले. कुणाच्या बापाच्या कबरीवर जाळी बसवली, कुणाच्या भावानं गवत न काढताच फोटो पाठवला, यावरून थट्टा झाली. साखालिनच्या आजींकडे दाखवायला कबरींचे व्हिडिओ नव्हते. त्यांनी नातवंडांचे दाखवले. त्यांची ताटातूट मेलेल्यांपासून नव्हती, जिवंत मुलांपासून होती.

पुढे काय झालं

अनुदान देणाऱ्यांना कार्यक्रम पटला नाही. संख्या कमी, फोटोत फलक नाही, आणि अहवालात 'एकात्मता' हा रकाना कसा भरायचा ते कळेना. पुढच्या वर्षीचं अनुदान मिळालं नाही. समन्वयक बाईंनी हे आधीच गृहीत धरलं होतं. भाड्यासाठी त्यांनी मार्चमध्येच एका चर्चशी बोलणं करून ठेवलं होतं.

दुभाषाची व्यवस्था टिकली. दोनाच्या चार आजी झाल्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या २०२० च्या साथीपर्यंत नियमित चालल्या. साथीत वयस्करांना बाहेर काढणं शक्य नव्हतं, तेव्हा फोनवरून चालल्या. फोरमन परतला नाही. त्यानं निरोप पाठवला, की जेवणाला येईन, केंद्राला नाही. हा भेद केंद्रानं मान्य केला.

२०१९ मध्येच सरकारनं नियम बदलून चौथ्या आणि पुढच्या पिढ्यांनाही परदेशस्थ कोरियन म्हणून मान्यता दिली. २०२१ पासून साखालिनकरांसाठीचा विशेष कायदा लागू झाला आणि एका मुलाला किंवा नातवंडाला सोबत आणण्याची सोय झाली. एकाच. चार मुलं असलेल्या आजीनं कुणाला बोलवायचं, हा प्रश्न त्यानंतर केंद्राच्या टेबलावर आला.

वेगळं काय करता आलं असतं

नकाशावर कुळाचं गाव विचारायला नको होतं. कुठून सीमा ओलांडली, हे विचारायला हवं होतं. आणि नकाशा व्लादिवोस्तोक, साखालिन, ताश्कंद मावेल एवढा मोठा हवा होता. कोरियाचा नकाशा लावला की मूळ एकच आणि बाकीचा इतिहास समासात, असं आपोआप ठरतं. भिंतीत खोचलेल्या टाचण्या तेच सांगत होत्या.

ध्वनिक्षेपकवाल्या आजोबांना दुभाषा व्हायला सांगणं, हे मला घाईचं वाटतं. त्यांची तक्रार आधी ऐकायला हवी होती, काम नंतर मागायला हवं होतं. समन्वयक बाईंना हे पटत नाही. त्यांच्या मते काम मागितलं म्हणूनच तक्रार बाहेर आली, नाहीतर ती टोमण्यातच राहिली असती. दोन्ही शक्य आहे.

फोरमनकडे मात्र सप्टेंबरनंतरच्या आठवड्यातच कुणीतरी जायला हवं होतं. केंद्राचं सगळं लक्ष तेत्गोलकडे गेलं, कारण तिथली माणसं उठून गेली होती. फोरमन हसून उतरला, म्हणून त्याचं दुखणं कुणी मोजलं नाही. जोसोनजोकांच्या बाबतीत हे वारंवार होतं. भाषा येते, म्हणजे सगळं ठीक आहे, असं यजमान धरून चालतात.

आणि मुलं. दोन्ही कार्यक्रमांत १५ ते १८ वर्षांची पोरं जिन्यावर बसून होती. त्यांना हामग्योंग नको होतं, ताश्कंदही धूसर होतं. त्यांचं सगळं आयुष्य आन्सानच्या शाळेत आणि चार नंबरच्या लाइनीवर चाललं होतं. मुहूर्त, पदार्थ, नकाशा यांतलं काहीच त्यांना विचारलं गेलं नाही. २०१९ च्या नियमबदलानंतर यांतले बरेच जण इथेच राहणार हे स्पष्ट झालं, तेव्हा पुढच्या जेवणाची तारीख ठरवायच्या बैठकीला केंद्रानं त्यांच्यातल्या तिघांना बोलावलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत हानसिक आणि छुसोक दोन्ही बाजूला सारून परीक्षा संपल्यानंतरचा शनिवार मागितला. तेत्गोलची शिक्षिका याला तयार नव्हती, आणि तारीख न ठरताच बैठक उठली.